चार नंबरचा चार्ट

१

आयसीयूतला माझा पहिला दिवस मी मॉनिटर बघण्यात घालवला. सहा बेड, सहा पडदे, हिरव्या-पिवळ्या रेघा आणि टुकटुक. मला वाटलं, हे तर सोपं आहे. टीव्हीच बघायचाय, फक्त चॅनेल बदलता येत नाही.

थोरल्या सिस्टर मागं येऊन उभ्या राहिल्या.

"ब्रदर, काय बघताय?"

"पेशंट, सिस्टर."

"पेशंट खाली आहे."

मी खाली बघितलं. होता.

थोरल्या म्हणजे आमच्या इनचार्ज. सकाळची पाळी त्यांची, दुपारची धाकट्या सिस्टरांची. दोघी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. एक आधी नोकरीला लागली, दुसरी नंतर, एवढंच. थोरल्यांची उंची जेमतेम पाच फूट, चालताना बुटांचा आवाज नाही, आणि कुठलाही अलार्म वाजला की तो का वाजला हे त्या पाठमोऱ्या सांगायच्या. "तीन नंबर खोकला. पाचची सिरिंज संपत आली. दोनचं काही नाही, बोटावरचा क्लिप निसटलाय." दरवेळी बरोबर. मी दोन आठवडे चूक पकडायची वाट बघत होतो. शेवटी मलाच कंटाळा आला.

त्यांची पद्धत ठरलेली. बेडजवळ गेलं की आधी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग नाव घ्यायचं, वार सांगायचा, वेळ सांगायची, आपण कोण आणि आता काय करणार ते सांगायचं. मग डोक्यापासून खाली यायचं. डोळे, श्वासाची नळी ओठापाशी किती आकड्यावर आहे, छाती दोन्ही बाजूंनी सारखी उचलतेय का, औषधांचे पंप, लघवीची पिशवी, आणि सगळ्यात शेवटी टाचा.

"टाचा बघितल्या नाहीत, तर पेशंट बघितला असं म्हणायचं नाही," त्या म्हणायच्या.

"पण सिस्टर, ते बेशुद्ध आहेत. त्यांना वार सांगून काय उपयोग?"

"ते बेशुद्ध आहेत, म्हणून तर कुणीतरी लक्षात ठेवायला हवं."

मी ते वहीत लिहून घेतलं. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं.

आणि मग चार्ट. टेबलक्लॉथएवढा कागद, चोवीस तासांचे चोवीस रकाने. दर तासाला नाडी, बीपी, श्वास, ताप, लघवी किती. दर दोन तासांनी कूस कुठली: डावी, पाठ, उजवी. त्यांचा नियम होता, लिहिलं नाही तर ते केलंच नाही.

मी विचारलं, "आणि केलं नाही, पण लिहिलं तर?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

"तर मग ते करावं लागतं."

२

चार नंबरचा बेड रिकामा होता. भिंतीतलं सक्शन, म्हणजे पेशंटचा कफ ओढून काढायचं यंत्र, बंद पडलं होतं आणि मेकॅनिक "येतो, येतो" करत चार दिवस येत होता. सोमवारी दुपारी बारा वाजता पाचही पेशंट शांत होते. मी शांत नव्हतो.

मी नवा चार्ट घेतला आणि चार नंबरवर एक पेशंट भरती केला.

नावाच्या जागी घरचं टोपणनाव टाकलं: टिल्लू. वय चोवीस. वजन एकसष्ट किलो. ओळखीची खूण, डाव्या गुडघ्याखाली जुना व्रण. अॅलर्जी, लवकर उठणे. आजार, कारण समजलेलं नाही. श्वासाची नळी घातलेली, व्हेंटिलेटरवर. पत्ता माझाच. नातेवाइकाचा फोन नंबर आईचा, कारण तो एकच मला पाठ आहे. मग आठ ते दोनचे रकाने भरले. नाडी ब्याऐंशी, बीपी एकशे वीस. तब्येतीनं पेशंट माझ्यासारखाच ठणठणीत होता.

चार्ट क्लिपबोर्डला लावून बेडच्या पायाशी अडकवला. हसू येत होतं. मला हसू दाबता येत नाही. तोंड घट्ट बंद ठेवतो, पण डावा खांदा गदगद हलायला लागतो. शाळेत मी कायम या खांद्यामुळंच पकडला जायचो.

दोन वाजता धाकट्या सिस्टर आल्या. पाळी बदलताना प्रत्येक बेडजवळ उभं राहून पेशंटची सगळी हकीगत सांगायची, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मी चार नंबरचीही ओव्हर दिली. चेहरा सरळ, खांदा भिंतीला टेकवलेला.

धाकट्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "टाचा?"

"चांगल्या आहेत."

"बरं," म्हणाल्या आणि चादरीवर हात ठेवला.

बाहेर जिन्यात मी पोट धरून हसलो.

३

मंगळवारी सकाळी चार्ट भरलेला होता.

दुपारी तीनपासून सकाळी सातपर्यंत, एकही रकाना कोरा नाही. दोन वेगवेगळी अक्षरं, एक धाकट्यांचं आणि एक रात्रपाळीचं. डावी, पाठ, उजवी, डावी, पाठ, उजवी. तोंड स्वच्छ केलं. डोळ्यांत थेंब घातले. आणि आकडे खाली येत होते. पाच वाजता बीपी शंभर. सहाला शहाण्णव. सातला नव्वद. शेवटच्या तासाची लघवी, वीस मिली.

बेडची डोक्याकडची बाजू नियमाप्रमाणं तीस अंश वर उचललेली होती. शेजारी चाकांवरचं सक्शन मशीन आणून ठेवलं होतं, कारण भिंतीतलं बंद आणि पेशंट तर आहे. बेडवर ताणून घातलेली पांढरी चादर आणि खाली काही नाही.

मी थोरल्यांकडे गेलो. "सिस्टर, चार नंबरची मी गंमत केली होती."

"हो. अक्षर ओळखलं मी."

"मग तो चार्ट फाडू?"

"पेशंटचा चार्ट फाडायचा नसतो, ब्रदर."

"पण पेशंट नाहीये."

"गंमत काल दोन वाजता संपली," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्या पाचची सिरिंज बदलत होत्या. "सात वाजता बीपी नव्वद आहे. भरती तुम्ही केलंत. आज चार नंबर तुमच्याकडे."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. डोळ्यांत काही नाही. ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

ही उलटी गंमत होती. तीन पाळ्यांनी मिळून केलेली. सतरा तास रिकाम्या बेडचे आकडे लिहिलेले, तेसुद्धा इतके पटतील असे, की डॉक्टरही फसेल. मी आयुष्यभर वर्गाच्या पातळीवर खेळत आलो होतो. या बाईंचं काम वेगळ्याच उंचीवर होतं.

दहा वाजता डॉक्टर राउंडला आले. सतत झोप अपुरी असलेला भला माणूस. चार नंबरपाशी थांबले, चार्ट वाचला, वाकले आणि चादरीवर स्टेथोस्कोप टेकवला. डावीकडे, उजवीकडे.

"हवा दोन्हीकडे सारखी जातेय. बीपी वाढवायचं औषध सुरू करा."

आणि जांभई दिली. जांभई! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

अकरा वाजता थोरल्यांनी फोन उचलला. रोज अकराला त्या प्रत्येक पेशंटच्या घरी स्वतः फोन करतात.

"नमस्कार. मी आयसीयूतून सिस्टर बोलतेय. टिल्लूच्या आई ना? नाही नाही, घाबरू नका. आत्ता सांगते कसा आहे तो."

४

घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळपाळीनंतर दुपारी दीड तास झोपणं हा माझा एकमेव धर्म आहे.

जागा झालो तेव्हा मी डाव्या कुशीवर होतो. मी पालथा झोपतो. लहानपणापासून.

पाठीमागं उशी खोचलेली होती. दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी. डोक्याखाली दोन, म्हणजे डोकं वर उचललेलं. पोटऱ्यांखाली टॉवेलची गुंडाळी होती आणि टाचा गादीला लागत नव्हत्या, अधांतरी होत्या. ओठ ओलसर होते. कोणीतरी व्हॅसलिन लावलं होतं.

खरं सांगू? इतकी छान झोप मला वर्षभरात लागली नव्हती.

आई स्वयंपाकघराच्या दाराशी चप्पल घालत होती.

"आई, उशा तू लावल्यास?"

"कसल्या उशा?"

"कुठं निघालीस?"

"एकाला बघायला." तिनं निळी पिशवी खांद्याला लावली. तिची चेन तुटलेली आहे, मीच तोडली होती. "बराच आजारी आहे म्हणतात. सकाळी फोन आला होता."

"कोण गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नवीन चष्मा लागलेला माणूस बघतो तसं, डोळे बारीक करून.

"तू ओळखत असशील," म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

आईसुद्धा सामील! आमच्या आईला खोटं बोलता येत नाही. वाढदिवसाची भेट लपवते आणि दोन मिनिटांत स्वतःच सांगते. थोरल्यांनी तिला तयार कसं केलं असेल? मी विचार करत बसलो. पण तोंडात पेशंटचं तोंड पुसायच्या औषधी पाण्याची चव होती, ती जाईना.

५

बुधवारी सकाळी आठ वाजता चार नंबर पाठीवर होता. म्हणजे चार्टवर. दहाला उजवी कूस द्यायची होती. मी रकान्यात "उजवी" लिहिलं आणि तीन नंबरच्या कामाला लागलो. हवेची कूस कोण बदलणार?

अकराला माझी टाच चुरचुरायला लागली. बाराला दोन्ही. एकला मी लंगडत होतो.

"दहाची कूस झाली नाही," थोरल्या म्हणाल्या.

"लिहिली आहे की, सिस्टर."

"लिहिली आहे."

"हे बुटांमुळं होतंय. नवे आहेत."

"आठ महिने झाले त्या बुटांना," त्या म्हणाल्या. मग एकदम मास्तरीण झाल्या. "जागा लाल दिसली तर बोटानं दाबायची. बोट काढल्यावर पांढरी झाली आणि परत लाल झाली, तर कातडी जिवंत आहे. पांढरी होत नसेल, तर आतून मरायला लागलीय. जखम वर दिसायच्या आधी आत झालेली असते. म्हणून दोन तास. अडीच नाही, तीन नाही."

मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो, कडी लावली, मोजा काढला. टाच लाल होती. अगदी गोल, रुपयाएवढी. बोटानं दाबली. बोट उचललं.

पांढरी झाली नाही.

मी परत दाबली. खोलीत एक बाक, सहा कपाटं आणि ट्यूबलाइटची घूंऽ. कोणी दाराआडून हसत असेल म्हणून मी कान दिला. बाहेर फक्त बादलीचा आवाज आला. कडी काढली, तर साफसफाईच्या मावशी होत्या.

"काय हो ब्रदर, आज चेहरा उतरलाय?" त्यांनी विचारलं.

"मावशी, खरं सांगा. चार नंबरची भानगड काय आहे?"

"कसली भानगड? पोरगं आजारी आहे." मावशींनी पोचा पिळला. "आई आली होती बिचारी काल पाचला. भेटायची वेळ अर्धा तास, अर्धा तास हात धरून बसली. बोलली काही नाही. त्याच्या नखांकडे बघत होती."

"कुणाचा हात?"

"अहो, पोराचा. माझा धरेल का?"

"कशी आहे ती बाई?"

"आईसारखी. निळी पिशवी होती, चेन तुटलेली."

मी चार नंबरपाशी गेलो. घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. टाच धगधगत होती. गंमत असो, नसो, टाच माझी होती.

चादरीवर हात ठेवला.

"टिल्लू," मी म्हणालो. माझाच आवाज मला बावळट वाटला. "आज बुधवार. दुपारचा एक वाजून वीस. मी ब्रदर आहे. तुम्हाला उजव्या कुशीवर करतोय."

थोरल्या समोरच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मावशींनी हात धुतले आणि पायाशी आल्या. अंगाखालची आडवी चादर दोन्हीकडून मुठीत धरली.

"एक, दोन, तीन."

एकसष्ट किलो काय असतं ते मला माहीत आहे. रोज मी तेवढंच घेऊन फिरतो.

दोन वाजेपर्यंत टाचेची चुरचुर थांबली.

६

त्यानंतर मी नर्सिंग शिकलो. आधीची साडेतीन वर्षं मी परीक्षा दिल्या होत्या.

थोरल्यांचे हात बघण्यासारखे होते. नळीची पट्टी बदलताना एक बोट कायम नळीवर, जणू झोपलेल्या बाळाच्या पाळण्याची दोरी धरलीय. औषध भरताना सिरिंजवर नाव, वेळ, सही, आणि मग ती दुसऱ्याला वाचायला द्यायच्या. "मी वीस वर्षं बरोबर होते, याचा अर्थ आत्ता बरोबर आहे असा होत नाही." अलार्म कधी पूर्ण बंद करायच्या नाहीत. आधी पेशंटकडे जायच्या, मग बटणाकडे. सहा बेडच्या मधून त्या फिरल्या की मागं सगळं सरळ झालेलं असायचं, चादरी, वायर, माणसं. कोणी आभार मानत नव्हतं. मानणार कोण? सगळे झोपलेले.

मी चार नंबरला काहीच कमी पडू दिलं नाही. दर तासाला आकडे. ते कुठून यायचे, विचारू नका. हात ठेवला की सुचायचे. पेन थांबायचं नाही आणि मी खोटं लिहितोय असं एकदाही वाटलं नाही. गुरुवारी दुपारपर्यंत बीपी एकशे दहावर आला. औषध कमी केलं. लघवी चाळीस, मग साठ. मी धाकट्यांना ओव्हर देताना साठचा आकडा असा सांगितला, जसा लोक मुलाचे मार्क सांगतात.

माझ्या टाचा साफ बऱ्या झाल्या. चादर उबदार लागायला लागली.

घरी मात्र जरा गडबड होती. गुरुवारी आईनं एकच ताट घेतलं. मी समोर बसलो तेव्हा दचकली.

"अगं बाई, तू आहेस होय."

"मग कोण असणार?"

"काही नाही रे. तो सुधारतोय म्हणे. सिस्टर सांगत होत्या, एक ब्रदर आहेत, फार मनापासून करतात." तिच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी हसू आलं होतं. "अशी माणसं असतात हो जगात."

"आई, तो ब्रदर मी आहे."

"हो का?" ती म्हणाली. फार सभ्यपणे. "बसा ना... बस, बस. भात वाढते."

मी जेवलो. ती मुरलेली नटी निघाली होती. पण गंमत कितीही चांगली असली तरी ती कुठल्या दिवशी संपणार हे कोणालातरी माहीत असतं. मला कोणी सांगत नव्हतं.

७

शुक्रवारी थोरल्यांनी सकाळीच झोपेचं औषध थांबवलं.

"आज नळी काढू," त्या म्हणाल्या. "तुम्ही डोक्याशी थांबा. त्यांना तुमचा आवाज ओळखीचा आहे."

डॉक्टर आले. मावशी सक्शनच्या बटणाशी. मी खांद्यावर हात ठेवला. "टिल्लू, शुक्रवार आहे. सकाळचे साडेनऊ. नळी काढतोय. त्रास होईल, पण थोडाच वेळ. मी सांगितलं की जोरात खोका."

थोरल्यांनी पट्टी कापली. त्यांचा हात हवेत एका ठिकाणी गोल धरलेला होता, अंगठा आणि बोटात बरोबर नळीएवढी जागा.

"आता."

"टिल्लू, खोका!"

काही झालं नाही. एसीचा आवाज. पाच नंबरची टुकटुक. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी प्रचंड वाईट वाटलं.

मग सक्शनच्या बाटलीत काहीतरी खळखळलं.

मी बघितलं नाही. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. थोरल्यांनी बघितलं आणि रकान्यात लिहिलं: कफ पांढरा, पातळ, थोडासा. मावशींनी "आलं गं बाई" म्हणून डोळे पुसले. डॉक्टर म्हणाले, "छान," आणि जांभई न देताच गेले.

दिवसभर माझा घसा बसलेला होता. ओव्हर देताना धाकट्यांना दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणालात?"

चार वाजता त्याला जनरल वॉर्डात हलवणार होते. म्हणून मी घरी न जाता थांबलो. ट्रॉलीवाले मामा आले. चादर उचलून ट्रॉलीवर घेतली, एक-दोन-तीन. मामा चढाला जोर लावत म्हणाले, "लहान दिसतोय, पण वजन आहे हं अंगात."

वॉर्डच्या दाराशी निळी पिशवी घेऊन आई उभी होती. ती ट्रॉलीबरोबर चालू लागली. एक हात कठड्यावर. माझ्या अंगावरून गेली. खरंच, मधे हातभर अंतर असेल.

मी "आई" म्हणालो. घशातून आवाज फुटला नाही.

८

त्या रात्री मी हॉस्पिटलच्याच खोलीत झोपलो, शनिवारची ड्यूटी होती म्हणून. म्हणजे मी स्वतःला कारण हेच दिलं.

सकाळी चार नंबरचा बेड उघडा होता, गादीवर चादर नाही. मेकॅनिक अखेर आला होता आणि भिंतीतलं सक्शन सुर्रऽ करून चालवून दाखवत होता. थोरल्या स्वतः गादी पुसत होत्या. कोपऱ्यांपासून मध्याकडे.

दुपारी ड्यूटी संपताना मी त्यांना गाठलं.

"सिस्टर, मानलं. आयुष्यात असं कोणी मला गंडवलं नव्हतं. आता तरी सांगा, आयडिया कोणाची होती?"

"कसली?"

"चार नंबरची."

"तुमची," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पण चेहरा मऊ झाला. त्यांनी कपाटातून भरलेले चार्ट काढले, सोमवार ते शुक्रवार, टाचणी लावलेले.

"वॉर्डातून अकराला घरी गेले. आई आली होती न्यायला. चालत गेले, ब्रदर. सोमवारच्या सकाळच्या आकड्यांवरून मला वाटलं नव्हतं."

"सोमवारचे आकडे चांगले होते, सिस्टर. मीच लिहिले होते."

"फार चांगले होते. इतके सरळ आकडे कोणाचे नसतात. तेव्हाच मला काळजी वाटली होती." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमीच्या जागी, नेहमीसारखा. "तुम्ही नर्स झालात. मी हे सगळ्यांना म्हणत नाही."

खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता तो घरी काय करणार?" मी विचारलं.

"आपण घरी पाठवतो, ब्रदर. पुढचं घरचे बघतात. सोमवारी चार नंबरवर नवीन पेशंट येतोय, वेळेवर या."

९

घराची किल्ली खिशात होती, पण का कोण जाणे, मी बेल वाजवली.

आईनं दार उघडलं. केस नीट विंचरलेले, चेहरा धुतलेला. आत मऊ भाताचा वास.

"कोण?" मग तिचा चेहरा उजळला. "अय्या, ब्रदर ना तुम्ही? हॉस्पिटलमधले? या ना, या. घरापर्यंत आलात!"

"आई," मी म्हणालो, "पुरे आता. हरलो मी."

"बसा. पाणी आणते." ती पाणी घेऊन आली. ग्लास दोन्ही हातांनी दिला, पाहुण्याला देतात तसा. "खूप केलंत हो तुम्ही त्याचं. सिस्टरांनी सगळं सांगितलंय मला. डोकं वर ठेवायचं, दर दोन तासांनी कूस, टाचा बघायच्या. आत्ताच डोळा लागलाय. एकदा बघता का? तुम्ही बघितलं की मला बरं वाटेल."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. आमच्या आईला खोटं बोलता येत नाही.

माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीचा पडदा ओढलेला, दुपारचं पिवळट ऊन. पलंगावर कोणीतरी उजव्या कुशीवर झोपलं होतं, तोंड भिंतीकडे. पाठीमागं उशी. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाचा अधांतरी. चादर सरकली होती आणि डावा गुडघा उघडा पडला होता. त्याखालची खूण मला दारातूनसुद्धा दिसली.

पलीकडे जाऊन चेहरा बघता आला असता. दोन पावलं होती. मी नर्ससारखं वागलो. जवळ गेलो आणि आधी हात ठेवला. वर असलेल्या डाव्या खांद्यावर.

"टिल्लू," मी म्हणालो. "आज शनिवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मी आयसीयूतला ब्रदर. तुम्ही घरी आहात."

अंग उबदार होतं. श्वास सरळ. मी मनात मोजला, मिनिटाला सोळा.

मग खांदा हलला.

आधी थोडासा. मग गदगद, गदगद. तोंड घट्ट बंद ठेवल्यावर हलतो तसा.

मी हात तसाच ठेवला. वाट बघितली. कोणीतरी आता मोठ्यानं हसेल, पडद्यामागून थोरल्या बाहेर येतील, मावशी, डॉक्टर, मामा, सगळे. आई पदर तोंडाला लावून म्हणेल, कसा फसला.

हळूहळू खांदा शांत झाला.

"थंडी वाजली का त्याला?" आईनं विचारलं. तिनं पुढं होऊन चादर त्याच्या गळ्यापर्यंत ओढली, कडेनं खोचली, आणि माझ्याकडे वळली.

"पुढची कूस पाचला ना, ब्रदर? मला एकटीला जमेल की नाही कोण जाणे. तोवर थांबाल का?"

मी हो म्हणालो. तसंही मला दुसरीकडं कुठं जायचं नव्हतं.